ट्रॉलीवर मी बसवलं होतं

त्या मशीनला स्टिअरिंग नव्हतं. सीटच्या दोन्ही बाजूंनी मांडीवर येणारे दोन दांडे होते. दोन्ही पुढे ढकलले की मशीन पुढे जायचं, दोन्ही ओढले की मागे यायचं. एक पुढे आणि एक मागे केला की जागच्या जागी गरकन फिरायचं. म्हणून फार्महाऊसवरच्या बायांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव फिरकी ठेवलं. मॉडेलचं नाव आणि नंबर मला पाठ होता, पण चार दिवसांनी मीसुद्धा फिरकीच म्हणायला लागलो.

दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. मी आयटीआय करून गोंदियाच्या एका ट्रॅक्टर गॅरेजात तीन वर्षं काढली होती. तिथंच शेठची ओळख झाली. त्यांच्या दोन राइस मिल होत्या, आणि कामठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नवीन फार्महाऊस बांधलं होतं. त्यांना मोटारी, जनरेटर, फवारे सगळं सांभाळणारा माणूस हवा होता. माझं गाव तिथून सायकलीच्या अंतरावर. मी लगेच हो म्हणालो. घरची धानाची शेती होती, पण ती मोठा भाऊ बघायचा, आणि मला चिखलात पाय घालायचा कंटाळा होता. फार्महाऊसवर मला सगळे मिस्त्री म्हणायचे. ते मला आवडायचं.

फिरकी शेठनी नागपूरकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या सामानातून उचलली होती. गवत कापायचं मशीन, माणसानं वर बसून चालवायचं, घरगुती वापराचं. मोठ्या बंगल्याची हिरवळ असते, तेवढ्यासाठी बनवलेलं. सोबत एक जाड पुस्तक आलं होतं, इंग्रजीत. शेठ ते माझ्या हातात देऊन म्हणाले, "पढ़ ले, तू तो पढ़ा-लिखा है." मी घरी नेलं. चालू कसं करायचं, ऑइल कुठं टाकायचं, पातं कसं काढायचं, एवढी पानं वाचली. पुढं ओझं ओढण्याबद्दल दोन पानं होती. त्यात वजनाची मर्यादा दिली होती, उतारावर ओझं घेऊन जाऊ नये असं लिहिलं होतं, आणि दोन चित्रं होती. एकात मशीनच्या मागं छोटी गाडी आणि गाडीवर बसलेला माणूस, त्यावर मोठी फुली. दुसऱ्यात उतार, त्यावरही फुली. ही पानं मी पाहिली होती. वाचली नव्हती असं मी पुष्कळांना सांगितलं, स्वतःलाही सांगून पाहिलं, पण मी ती वाचली होती.

मशीनच्या मागं एक लोखंडी पट्टी होती आणि तिला भोक होतं. त्या भोकाकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात ट्रॉली आली.

तेव्हा फार्महाऊसवर बागेच्या कामाला पाच बाया होत्या. शेणखत, माती, कुंड्या, विटा, सगळं त्या टोपल्यांनी डोक्यावरून वाहायच्या. त्यांच्यात ज्या सगळ्यांत मोठ्या होत्या, त्यांना आम्ही काकू म्हणायचो. पन्नाशी उलटलेली, अंगानं बारीक, पण चालणं असं की तरुण बाया मागं पडायच्या. रोपवाटिका त्याच बघायच्या. कोणतं रोप कधी हलवायचं, कोणत्या कुंडीला पाणी नको, हे त्यांना विचारल्याशिवाय शेठाणीबाईसुद्धा काही करायच्या नाहीत. पावसाळ्यात त्या रोवण्याला, म्हणजे धानाची रोपं लावायला, जायच्या, आणि गावागावांतून त्यांना बोलावणं यायचं, कारण त्यांच्या हातानं लावलेली ओळ सरळ जायची आणि हात कधी थांबायचा नाही. मला त्या बाबू म्हणायच्या. त्यांचा मुलगा नागपूरला सेंट्रिंगच्या कामावर होता, घरी सून आणि नातवंडं.

मी गोंदियाला जाऊन लोखंडी अँगल आणले, जुन्या स्कूटरची दोन चाकं घेतली आणि ट्रॉली बनवली. तिला ब्रेक नव्हता. लावायचा विचारही केला नाही. पहिल्या दिवशी शेठसमोर शेणखताच्या पोत्यांनी ट्रॉली भरली आणि फिरकीला जोडून बागेतून फिरवून आणली. शेठ खूश झाले. आणि मी, न विचारता, म्हणालो, "शेठ, चार बायांचं काम ही एकटी करते."

असं बोलायची काही गरज नव्हती. पण मी बोललो, आणि पुढच्या सोमवारी चार बायांना कामावरून बंद केलं. काकूंना ठेवलं, रोपवाटिकेसाठी. त्या चौघी फाटकापाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग डब्याच्या पिशव्या घेऊन निघून गेल्या. मी त्या वेळी मशीनचं एअर फिल्टर साफ करत होतो आणि मान वर केली नाही. काकूंनी दिवसभर माझ्याशी बोलणं टाळलं. संध्याकाळी जाताना मात्र त्या ट्रॉलीपाशी थांबल्या, दांड्याला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या की बंडीला उतारावर बैल पायानं रोखून धरतात, याला रोखणारं काय आहे. मी सांगितलं की मशीनला सगळं आपोआप असतं.

पुस्तक मी शेडमध्ये टेबलावर ठेवायचो. एकदा काकूंनी ते चाळताना ते चित्र पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी बोट ठेवून विचारलं, ही फुली कायची. मी म्हणालो, ते तिकडच्या, परदेशातल्या लोकांसाठी असतं, त्यांचे नियम फार.

त्या वर्षी डिसेंबरात शेठच्या मुलीचं रिसेप्शन फार्महाऊसवर ठरलं. फार्महाऊसच्या मधून एका जुन्या बोडीची पाळ गेली होती. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं लहान तळं, आणि पाळ म्हणजे त्याचा मातीचा बांध. पाळीच्या अलीकडे बंगला, शेड आणि रोपवाटिका. पलीकडे, खालच्या अंगाला, शेठनी मोठं लॉन केलं होतं. तिकडे जायचं तर पाळीवर चढून पुन्हा उतरावं लागायचं. चढ थोडासाच होता, उतार मात्र लांब आणि एका जागी वळणाचा. रोजच्या हलक्या ओझ्याला मी तो रस्ता वापरायचो. रिसेप्शनसाठी झेंडूच्या आणि शेवंतीच्या दीड-दोनशे कुंड्या पलीकडे न्यायच्या होत्या, शिवाय वाफ्यांसाठी खत आणि माती. बाहेरचा मोठा ट्रॅक्टर लॉनवर नको, चाकांचे चर पडतात, असं शेठनी सांगितलं होतं. मी म्हणालो, सगळं मी पोचवतो.

सकाळपासून तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला मी घाई केली. पाणी घातलेल्या ओल्या कुंड्या, त्यांच्या पुढे, अगदी मशीनच्या बाजूला, मातीची पोती. पुस्तकात दिलं होतं त्याच्या दुपटीच्या वर वजन असेल. पाळीच्या चढावर आलो तर पोत्यांच्या वजनानं मशीनचा मागचा भाग दबला आणि पुढची दोन लहान चाकं जमिनीवरून उचलली गेली. मी मागे येऊन थांबलो. पोती उतरवून मागच्या बाजूला रचायला दहा मिनिटं लागली असती. पाळीच्या पलीकडून शेठचा आवाज येत होता. ते डेकोरेशनवाल्याला लॉन दाखवत होते, आणि कुंड्या कुठं आहेत म्हणून त्यांनी दोनदा हाक मारली होती.

काकू ट्रॉलीच्या मागं हातात दोन कुंड्या घेऊन पायी येत होत्या. मी त्यांना म्हणालो, "काकू, मागच्या फळीवर बसा. वजन बरोबर होते, चढून जाईल."

त्या म्हणाल्या, "मी कायले बसू? पायीच येऊन राहिली ना मी."

"सांगतो तसं करा ना. टाइम नाही आता."

हे मी ज्या आवाजात बोललो तो आवाज मला अजून ऐकू येतो. आईच्या वयाच्या बाईशी मी तसा बोललो. काकूंनी कुंड्या खाली ठेवल्या, लुगडं सावरलं आणि मागच्या फळीवर, पाय बाहेर सोडून, बसल्या. मशीनची चाकं जमिनीला टेकली. आम्ही चढून गेलो.

पाळीच्या माथ्यावर थांबून त्यांना उतरू द्यायचं, असं मी मनात ठरवलं होतं, हे खरं आहे. पण माथ्यावर आलो आणि खाली लॉनवर शेठ दिसले, त्यांच्यासोबत डेकोरेशनवाला आणि त्याची चार-पाच माणसं. सगळे वर बघत होते. डेकोरेशनवाला मशीनकडे बोट दाखवून शेठना काही विचारत होता. मागून काकू म्हणाल्या, "थांब बाबू, उतरू दे मले." त्या ओरडल्या नव्हत्या, पण मला स्पष्ट ऐकू आलं. इंजिनाचा आवाज होता, तरी ऐकू आलं. मी थांबलो नाही.

उतार सुरू झाला आणि दहा-पंधरा हातांवर मागचं वजन मशीनला ढकलायला लागलं. मी दांडे मागे ओढले. त्या मशीनला थांबवायचं म्हणजे दांडेच ओढायचे. मागची चाकं थांबली, पण गवतावरून घसरत राहिली, आणि पुढची चाकं तर नुसती भिरभिरणारी, त्यांना दिशा नसते. वळणावर ट्रॉली एका बाजूनं पुढे आली, मशीन आडवं झालं, आणि ट्रॉली उलटली. मी सीटवरून गवतात फेकला गेलो. मला खरचटलंसुद्धा नाही.

काकू कुंड्यांच्या आणि पोत्यांच्या मध्ये पडल्या होत्या. उजवा हात अंगाखाली गेला होता. आम्ही पोती बाजूला केली तेव्हा त्यांचं मनगट विचित्र वाकलेलं दिसलं. त्या रडत नव्हत्या, डोळे उघडे ठेवून नुसत्या श्वास घेत होत्या. शेठ धावत आले. आधी त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "ये ट्रॉली पे क्यों बैठी थी?"

मला विचार करायला वेळ लागला नाही. उत्तर जणू तयारच होतं. मी म्हणालो, "मालूम नहीं शेठ. मैंने देखा ही नहीं. अपने मन से बैठ गई होगी."

डेकोरेशनवाल्याच्या माणसांपैकी एकजण हसून म्हणाला की म्हातारीला झुल्यावर बसायची हौस आली असेल. बाकीचे हसले. शेठही थोडं हसले, घाबरलेल्या माणसाला हसण्यानं बरं वाटतं तसं. मग शेठनी वाकून काकूंना विचारलं, "क्यों अम्मा, बैठी थी तुम?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीन सरळ करण्याच्या निमित्तानं तोंड फिरवलं. मागून त्यांचा आवाज आला, "हो, बसली होती."

एवढंच त्या बोलल्या. शेठच्या जीपमधून त्यांना गोंदियाला नेलं. सोबत मला जायला सांगितलं होतं, पण मी कुंड्या उचलायचं कारण सांगितलं आणि ड्रायव्हरला पाठवलं.

मनगटाचं हाड दोन ठिकाणी तुटलं होतं, खुब्यालाही मार होता. दवाखान्याचं सगळं शेठनी केलं. त्यात त्यांनी हात आखडला नाही. रिसेप्शन ठरल्याप्रमाणे झालं. फुटलेल्या कुंड्यांच्या जागी गोंदियाहून नव्या आल्या. प्लास्टर निघालं तेव्हा काकूंचा हात वाकडाच राहिला होता, आणि अंगठा व बोटं एकत्र येत नव्हती. शेठनी त्यांना पुन्हा कामावर बोलावलं नाही. ते म्हणाले, बाई चांगली आहे, पण अशी हौशी बाई पुन्हा कुठं चढून बसेल, जिम्मेदारी कोण घेणार.

हौशी. तो शब्द गावात पोचायला आठ दिवसही लागले नाहीत. लोक काकूंना फिरकीवाली म्हणायला लागले. एका रात्री जेवताना माझ्या बायकोनं मला सांगितलं की बाजारात बाया बोलत होत्या, तुमच्या फार्मवरची ती म्हातारी राणीसारखी गाडीवर बसून निघाली होती म्हणे. ती हसली. मीही हसलो. घास तोंडात होता, तरी हसलो.

पुढच्या पावसाळ्यात मी सायकलवरून जाताना धानाच्या एका बांधीत रोवणा चाललेला पाहिला. काकू शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून रोपांच्या जुड्या सोडवून देत होत्या, डाव्या हातानं. चिखलात उतरलेल्या बाया ओळीनं मागं सरकत होत्या, आणि एका बाईची ओळ वाकडी जात होती. काकू तिला तिथूनच काहीतरी सांगत होत्या. मी उतरलो नाही. पायडल जोरात मारले. नंतर मी तो रस्ताच सोडला आणि लांबच्या रस्त्यानं कामावर जायला लागलो. बाजारातही त्या भाजी घेताना दिसल्या की मी दुसऱ्या बाजूनं निघून जायचो.

फिरकी फार दिवस चालली नाही. इतकं ओझं ओढून तिचा मागचा गिअर गेला. मी खूप खटपट केली, सामान मिळालं नाही. शेठनी ती भंगारात काढली आणि बागेसाठी पुन्हा बाया लावल्या, पण नव्या, दुसऱ्या गावच्या. वर्षभरानं मीही ते काम सोडलं आणि आमगाव रोडवर पंप आणि मळणी मशीन दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. दुकान चाललं. माझ्या हाताला गुण आहे असं लोक म्हणायचे.

दुकानावर पॉवर टिलर, छोट्या ट्रॉल्या यायच्या. ट्रॉली पाहिली की मी मालकाला बजावायचो, उतारावर कोणाला बसवू नका, ब्रेक लावून घ्या. एकदा एका शेतकऱ्यानं विचारलं, "काऊन गा मिस्त्री, तुमच्या हातून झाला होता का कधी असा काही?" मी म्हणालो, "नाही जी, एका ठिकाणचं ऐकलं होतं." तो माणूस गेला आणि मी हातातला पाना खाली ठेवला. पहिल्या वेळी मी घाबरलो होतो, असं मी स्वतःला समजावलं होतं. या वेळी तर घाबरायचं काही कारण नव्हतं. विचारणारा अनोळखी होता, ना शेठ समोर होते, ना नोकरी जाणार होती. तरी मी खोटंच बोललो.

त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. तिनं विचारलं, "त्या थांब म्हणाल्या होत्या?" मी हो म्हणालो. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटवली नाही. मग म्हणाली, "मी हसली होती त्यायच्यावर. मले कायले हसू दिलं तुमी?"

तरीही काकूंकडे जायला मला आणखी एक वर्ष लागलं. आधी मी शेठना गाठलं. त्यांच्या मिलमध्ये मोटर दुरुस्तीला गेलो होतो. चहा आला तेव्हा मी सांगितलं की त्या बाईंना ट्रॉलीवर मी बसवलं होतं. शेठनी कपाळाला आठी घातली. "कौन बाई?" मी सगळं आठवून दिलं. ते म्हणाले, "अरे, वो. छोड़ ना यार, कितनी पुरानी बात है." आणि मोटरचा आवाज अजून येतो का ते विचारायला लागले. मला वाटलं होतं ते रागावतील, निदान काही म्हणतील. सात वर्षं जी गोष्ट मला त्यांच्यासमोर बोलायला जमली नाही, तिची त्यांना आठवणसुद्धा नव्हती.

शेवटी उन्हाळ्याच्या तोंडी एका दुपारी मी काकूंच्या गावी गेलो. सोबत केळी आणि सफरचंदांची पिशवी घेतली होती. काकू पडवीत चिंच फोडत बसल्या होत्या. चिंच पायाखाली धरायच्या आणि डाव्या हातातल्या लहान दगडानं ठोकायच्या, मग चिंचोके वेगळे करायच्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला. केस पार पांढरे झाले होते. सून आत भांडी घासत होती. काकूंनी मला लगेच ओळखलं. "ये बाबू," म्हणाल्या आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं.

मी पाणी प्यालो. काय बोलायचं ते रस्ताभर ठरवलं होतं, पण ते तसं आलं नाही. मी एवढंच म्हणालो, "काकू, त्या दिवशी मी खोटं बोललो होतो. तुमाले मीच बसवलं होतं. तुमी थांब म्हणाल्या, तेही मी ऐकलं होतं."

काकूंनी दगड खाली ठेवला नाही. आणखी एक चिंच फोडली. मग म्हणाल्या, "मले मालूम आहे ना. मले कायले सांगतो?"

सून दारात येऊन उभी राहिली होती. हात राखेनं भरलेले. तिनं विचारलं, "म्हणजे आमच्या सासूबाई खरं बोलत होत्या?"

तेव्हा मला कळलं. काकूंनी घरी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मिस्त्रीनं बसवलं. मुलानं ऐकलं नव्हतं, सुनेनं ऐकलं नव्हतं. मिस्त्री शिकलेला, तो कायले खोटा बोलंल, असं मुलगा म्हणाला होता. वर तेच बोलणं, या वयात गाडीवर बसायची हौस कायले केली. दुखणं वाढलं की तेच, भांडण झालं की तेच. सून दारात उभी राहून हे सगळं सांगत होती, मला नाही, जणू स्वतःलाच. मग ती आत गेली आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

मी काकूंना विचारलं की त्या दिवशी शेठसमोर तुम्ही खरं का सांगितलं नाही. मला वाटत होतं, त्या म्हणतील, तुझी नोकरी जाईल म्हणून. खरं सांगतो, मला ते ऐकायचंही होतं.

त्या म्हणाल्या, "हात असा दुखत होता का काही सुचत नव्हता. शेठनं इचारला बसली होती का, तर बसली तं होतीच मी. पुढचा तू बोलशील वाटला."

मी मान खाली घातली. मग त्याच म्हणाल्या, "मले नोको सांगू आता. ज्यायले खोटा सांगतला, त्यायले सांग. त्या चौघी आहेत ना, फार्मवरच्या. त्या अजून हासतेत मले."

मी त्या चौघींकडे गेलो. तिघी भेटल्या. पहिलीनं ऐकून घेतलं आणि अरे बापरे म्हणाली. दुसरीनं तिच्या नवऱ्याला बाहेर बोलावून मला पुन्हा सांगायला लावलं. तिसरी अंगणात तुरीच्या शेंगा झोडपत होती. तिनं काम न थांबवता सगळं ऐकलं आणि म्हणाली, "काकूचा सांगतला, बरा केला. आणि आमचा काम कोणं घालवला होता जी? चार बायांचा काम ही एकटी करते, हे कोण बोलला होता? तेव्हा मी फवाऱ्याजवळच होती." मी तिथं फार वेळ उभा राहू शकलो नाही. चौथी लग्न झालेल्या मुलीकडे छत्तीसगडला गेली होती.

आठवड्यानं मी पुन्हा काकूंकडे गेलो आणि हे सगळं सांगितलं, तिसरीचं बोलणंही. काकू म्हणाल्या, "खराच बोलली थे." या वेळी सुनेनं मला चहा दिला, पण तोंडाकडे न पाहता. काकूंच्या पाठीमागं तिनं एक उशी आणून ठेवली आणि सांगितलं, टेकून बसा, बाकीची चिंच मी फोडते. काकूंनी दगड तिच्याकडे दिला. मला वाटलं, मी तिथून उठावं.

निघताना काकू म्हणाल्या, "येत जा बाबू. पण हे फळंगिळं नोको आणत जाऊ."

मी हो म्हणालो, आणि गेलो नाही. पहिल्या महिन्यात मळणीचा हंगाम होता, मग पाऊस लागला, मग मला वाटायला लागलं की इतके दिवस गेलो नाही, आता काय म्हणून जाऊ. रिकाम्या हातानं जायला सांगितलं होतं, आणि रिकाम्या हातानं त्या पडवीत बसायचं म्हटलं की माझं मन माघार घ्यायचं. त्यांचं गाव माझ्या दुकानापासून अर्ध्या तासावर होतं. दोन वर्षं अशीच गेली.

काकू गेल्याचं मला दुकानावर पंप घेऊन आलेल्या एका माणसानं सांगितलं, बोलता बोलता. तो म्हणाला, आमच्या गावची ती फिरकीवाली म्हातारी गेली, परवा माती झाली. मी त्याला म्हणालो, त्या स्वतःहून बसल्या नव्हत्या, मी बसवलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं विचारलं की पंप संध्याकाळपर्यंत मिळेल का. मी म्हणालो, मिळेल.